फेरफारातली भागम्मा

राजेश्वरला घरात बसवत नव्हतं. एसटीत कंडक्टर म्हणून तेहेतीस वर्षं उभ्यानं काढलेला माणूस. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी पायांना ती खबर पोचली नव्हती. मानवतच्या घरातून तो सकाळी धान्याच्या मोंढ्यापर्यंत जायचा, मोंढ्यातून बसस्टँडवर, तिथं ओळखीच्या ड्रायव्हरांशी दोन शब्द बोलून परत घरी, आणि घरी पाणी पिऊन पुन्हा बाहेर. बायको त्रिवेणी वैतागायची. "आवो, एखांद्या जागी टेका की. तुमच्याकडं बघून मला घेरी यायलीय."

म्हणून लेकीच्या कागदांचं काम निघालं तेव्हा त्याला बरंच वाटलं. ईश्वरीला शेतकीच्या पदवीला प्रवेश घ्यायचा होता आणि त्यासाठी जातीचं प्रमाणपत्र पडताळून आणायला हवं होतं. बापाकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाचा तरी, एकोणीसशे सदुसष्टच्या आधीचा, 'लिंगायत वाणी' असं स्वच्छ लिहिलेला कागद पाहिजे होता. हातात जेमतेम तीन आठवडे होते.

अडचण अशी की राजेश्वरचे दिवंगत वडील मन्मथप्पा, म्हणजे आप्पा, शाळेत गेलेच नव्हते. बोरीला आजोबा गुरुसिद्धप्पांचं किराणाचं दुकान आणि आठ एकर रान होतं. आजोबांनी आप्पांना सहाव्या वर्षीच तराजूपाशी बसवलं. हिशोब आप्पांच्या तोंडावर असायचा, पण अक्षराशी सोयरीक जमली नाही. सहीसुद्धा ते चित्र काढल्यासारखी, जीभ दातांत धरून करायचे. तरी कधीतरी ते बोलून गेले होते, "बोरीच्या शाळेत म्या चार दिवस गेलतो." तेवढ्या चार दिवसांच्या भरवशावर राजेश्वर बोरीला गेला.

हेडमास्तर तरुण होते, कामाला तयार. त्यांनी लोखंडी कपाट उघडून जुनी दाखल-खारीज रजिस्टरं टेबलावर ठेवली. पहिल्याची निम्मी पानं उर्दूत होती, पुढं मराठी सुरू झालेलं. दोघांनी मिळून एकेक नाव बोटानं खाली सरकवत वाचलं. मन्मथप्पा कुठंच नव्हते. मात्र एकोणीसशे एक्कावन्नच्या पानावर राजेश्वरचं बोट थांबलं.

'भागम्मा गुरुसिद्धप्पा साखरे. जात लिंगायत वाणी. बापाचा धंदा किराणा. मुक्काम बोरी.' आणि शेवटच्या रकान्यात, वेगळ्या शाईत, आठ वर्षांनंतरची नोंद : 'सातवी पास. लग्न होऊन सोनपेठला गेल्यामुळे नाव कमी केले.'

"तुमच्या कोण ह्या?" हेडमास्तरांनी विचारलं.

"कोणीच न्हाईत सर. आमचे आप्पा एकटेच होते."

"बोरीत दुसरे गुरुसिद्धप्पा साखरे होते का मग? तेही किराणावाले?"

बोरीत साखऱ्यांचं एकच घर होतं, एकच दुकान होतं.

घरी येऊन त्यानं उतारा त्रिवेणीपुढं ठेवला. तिनं जात वाचली आणि उताऱ्याला हात जोडले. "देव पावला म्हणायचा. आता ही बाई आप्पांची बहीण हाय एवढं दाखवा, झालं काम."

ते दाखवायला फार हिंडावं लागलं नाही. आजोबा वारल्यानंतर जमीन आप्पांच्या नावावर झाली होती, त्या वेळच्या फेरफाराची नक्कल त्यानं तालुक्याला, जिंतूरला, अर्ज देऊन काढली. चार दिवसांनी ती हातात आली. एकोणीसशे एकोणसत्तर साल. वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'खातेदार गुरुसिद्धप्पा मयत. वारस मुलगा मन्मथप्पा. मुलगी भागम्मा ही निपुत्रिक मयत. सबब एकट्या मन्मथप्पाचे नाव दाखल.' खाली दोन पंचांच्या सह्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये आप्पांची ती चित्रासारखी सही.

झालं, नातं सिद्ध झालं. मेलेल्या आत्याचा दाखला चालतो, असं परभणीला पडताळणीच्या खिडकीवरच्या माणसानं सांगितलं. राजेश्वरनं वंशावळीचं प्रतिज्ञापत्र केलं. भागम्माच्या नावापुढं 'मयत' लिहिलं आणि फाईल दिली. त्रिवेणीनं त्या दिवशी पुरणाच्या पोळ्या केल्या.

राजेश्वरनं अर्धी पोळी ताटातच ठेवली. आप्पा दर अमावास्येला अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून घरातल्या गेलेल्यांची नावं घ्यायचे. आज्जा, आज्जी, त्यांच्या आधीचे दोघं. एवढंच काय, पाळण्यातच गेलेल्या आपल्या दोन लेकरांचीही नावं घ्यायचे. राजेश्वरला ती सगळी यादी पाठ होती. त्या यादीत भागम्मा नव्हती. सख्खी बहीण मेली, तर ज्या माणसानं तीन दिवसांचं लेकरू विसरलं नाही, तो तिला कसा विसरला?

"काहून उकरायलाव?" त्रिवेणी म्हणाली. "कागद मिळाला ना?"

"आज्जाची बहीण म्हणजे माझी आजीच झाली की," ईश्वरी म्हणाली. "बाबा, तुमी जावा. न्हाई गेलाव तर आमालाच झोपू देणार न्हाईत."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो स्टँडवर होता.

सोनपेठला त्या दिवशी आठवडी बाजार होता. राजेश्वरनं कांद्याच्या ढिगांतून वाट काढत लिंगायतांची गल्ली गाठली आणि घरोघर विचारत सुटला : साठ-पासष्ट वर्षांपूर्वी बोरीची भागम्मा नावाची सून कुणाच्या घरात आली होती? लोक त्याच्याकडं वेड्यासारखं बघायचे. ज्या घरात ती आली असेल ते घरही आता असेल की नाही, कोण जाणे. दुपारी एका दुकानदारानं त्याला माणिकरावांकडं धाडलं. नव्वदीचे शेतकरी, गल्लीच्या तोंडाशीच घर, डोळ्यांनी अधू पण बोलायला खणखणीत.

"भागम्मा व्हय?" म्हातारा उठून बसला. "आमच्या भिंतीला भिंत लागून घर व्हतं. तुमी कोण तिचे?"

"भावाचा पोरगा."

"मग एवढ्या वर्षांनी कसं काय आलाव?"

माणिकरावांनी उत्तराची वाट पाहिली नाही. बोलायला माणूस मिळाला होता, ते सांगत सुटले. लग्न होऊन दीड वर्षही झालं नव्हतं, नवऱ्याला उसात पान लागलं, साप चावला. संध्याकाळी आणला तो गेलेलाच. पोरगी सोळा वर्षांची. सासरच्यांनी काही त्रास दिला नाही, पण ठेवून तरी काय करणार? उदकी, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लावून द्यायचं ठरलं. तिच्या चुलत्यानं, वीरभद्रप्पानं, स्थळ आणलं. पंचेचाळिशीचा बिजवर, चार लेकरांचा बाप.

"पोरगी न्हाई म्हणली. बापासमोर न्हाई म्हणली, चुलत्यासमोर न्हाई म्हणली. मग एक दिस सकाळी ह्या गल्लीतून चालत गेली. काखेत पिशवी. म्या म्हणलं, पोरी कुठं? म्हणली, मामा, परभणीला जायलेय. शाळंतल्या मास्तरीणबाईनं नर्साच्या शिक्षणाचं बघितलंय. गल्ली सारी बघायली, पण हात धरून थांबवायची हिंमत कुणाची झाली न्हाई."

"मग? पुढं काय झालं तिचं?"

"तिच्या बापानं येऊन सांगितलं, आमची पोरगी मेली. पुन्हा तिचं नाव घेऊ नका म्हणला." माणिकरावांनी आवाज उतरवला. "पर म्या बघितली की तिला. चारेक वर्षांनी. आमची मालकीण बाळंतपणाला परभणीच्या दवाखान्यात व्हती. तिथं आली, पांढरं लुगडं नेसून. मला वळखलं. म्हणली, मामा, इथं भेटले म्हणून सांगू नका कुणाला. म्या न्हाई सांगितलं. आज तुमाला सांगायलोय."

परतीच्या गाडीत राजेश्वरला सीट मिळाली होती, तरी पाथरीच्या पुढं तो उठून उभाच राहिला. मनातल्या मनात सालं मोजत होता. माणिकरावांनी पाहिलं ते चौसष्ट-पासष्टच्या सुमारास. फेरफार एकोणसत्तरचा. म्हणजे मधल्या चार वर्षांत ती मेली असेल तर आप्पांची सही खरी. नसेल तर आप्पांनी खोटं लिहून दिलं. ज्या बापानं दुकानात कधी शेंगदाणा कमी तोलला नाही, त्यानं बहिणीला कागदावर मारलं आणि आठ एकर घेतलं? त्याच रानावर आपण शिकलो, बहिणींची लग्नं झाली. घरी पोचल्यावर तो आप्पांच्या फोटोसमोर उभा राहिला, आत गेला, पुन्हा येऊन उभा राहिला.

"बसा जरा," त्रिवेणी या वेळी हळू आवाजात म्हणाली.

नर्स म्हटल्यावर त्याला चतुराबाईंची आठवण झाली. त्या आरोग्य खात्यात होत्या. त्याच्या गाडीनं रोज परभणी ते जिंतूर जाणं-येणं करायच्या, दहा वर्षं तरी. दाराजवळची सीट त्यांचीच. आता परभणीत लेकाकडं राहत होत्या. राजेश्वरनं नंबर मिळवला आणि सरळ घरीच गेला.

"अगं बया, कंडक्टर भाऊ!" त्यांनी चहा टाकला. राजेश्वरनं चहाची वाटही न बघता विचारलं, "मावशी, तुमच्या खात्यात लय वर्षांपूर्वी साखरे नावाच्या कुणी नर्स होत्या का? भागम्मा साखरे?"

"भागाबाई सिस्टर? होत्या म्हणजे! नवीन लागले तव्हा मला त्यांच्याच हाताखाली दिलं व्हतं. जिंतूरच्या डोंगराकडची सारी गावं त्यांच्याकडं. पायी हिंडायच्या. रातीबेराती बोलावणं आलं तर बैलगाडीची वाट न बघता कंदील घेऊन निघायच्या. मला म्हणायच्या, चतुरा, बाळंतीण ओरडायली तर भिऊ नको, गप झाली तर भी."

"मेल्या कवा त्या?" राजेश्वरनं विचारलं.

चतुराबाईंनी साणशी खाली ठेवली. "मेल्या? कोण म्हणलं? मागच्या संक्रांतीला फोन आलता की त्यांचा. माझ्या गुडघ्याला काय लावायचं ते सांगितलं."

राजेश्वर त्या रात्री डोळा न लावता उठ-बस करत राहिला आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं निघाला. जिंतूरच्या पुढं डोंगराच्या कुशीत एक लहान गाव, चतुराबाईंनी सांगितलेलं. गाडी फाट्यावर सोडते, तिथून पुढं अर्धा तास पायी. रस्त्यात त्यानं तीन जणांना पत्ता विचारला आणि तिघांनीही एकच सांगितलं, "नर्सबाईचं घर व्हय? सरळ जावा, लिंबाखाली." एकानं तर छाती ठोकून सांगितलं, "माझी नाळ त्यांनीच कापलीय."

लिंबाखाली दोन खोल्यांचं घर. ओट्यावर एक म्हातारी तुरीची डाळ पाखडत बसली होती. बारीक अंगाची, ताठ. गळ्यातल्या दोऱ्यात चांदीची लिंगाची डबी. नाकावर जाड चष्मा.

"शरणार्थ," राजेश्वर म्हणाला.

"शरणार्थ." तिनं मान वर केली, त्याच्याकडं नीट पाहिलं आणि सूप बाजूला ठेवलं. "मन्मथाचा पोरगा ना तू? राजेश्वर. बस."

राजेश्वर बसला नाही. "तुमी मला वळखता?"

"तुझ्या गाडीत तीनदा बसलेय मी. पयल्यांदा नाव वाचलं छातीवरच्या बिल्ल्यावर. साखरे. मग तोंड बघितलं. माझ्या भावाचंच तोंड, न वळखायला काय झालं?"

"मग बोलला का न्हाईत?" त्याचा आवाज चढला. "आत्या, तीनदा बसलाव, तर एकदा तरी बोलायचं!"

"काय बोलणार? तू म्हणत व्हतास, मावशी पुढं सरका, पुढं सरका." म्हातारी हसली, मग हसू विरलं. "आन् मन्मथानं शप्पथ घातलती, घरच्या कुणाला वळख द्यायची न्हाई म्हणून."

मग ती सांगत गेली, अधूनमधून डाळीतला खडा वेचत. परभणीत शिक्षण झालं. पगार सुरू झाल्यावर तिनं बापाला पत्र लिहिलं, ते न उघडता परत आलं. भावाला मात्र राहवलं नाही. तो गुपचूप दवाखान्यात येऊन भेटून गेला. बापानं त्याला लिंगावर हात ठेवायला लावून वचन घेतलं होतं, की भागीचं नाव ह्या घरात निघणार नाही. त्यानं ते पाळलं. घरात नाव काढलं नाही, पण भेटायला येणं काही सोडलं नाही.

"दर येळवसच्या दुसऱ्या दिवशी यायचा," ती म्हणाली. "शेतातली भज्जी आन् आंबील घेऊन. घरी सांगायचा, जिंतूरला काम हाय. ह्या ओट्यावर बसायचा. आमी दोघं खायचो. गेला त्याच्या आदल्या साली बी आलता, काठी टेकत. वर आला न्हाई, फाट्यावरच बसला. मी खाली गेले."

राजेश्वरला आठवलं. रानात पूजा करून तिथंच जेवायची ती येळवस अमावास्या, आणि तिच्या दुसऱ्या दिवशी आप्पांच्या हातातला तो कडीचा डबा. कुणाला, असं विचारलं तर म्हणायचे, "हाय एक जण." आईला वाटायचं, रानातल्या गड्याला.

त्यानं खिशातून फेरफाराची नक्कल काढली. "मग हे काय? एवढी माया व्हती, तर हे कसं लिहून दिलं त्यांनी? आत्या, तुमाला मारून टाकलं की कागदावर."

तिनं कागद हातात घेतला, पण वाचला नाही. घडी करून मांडीवर ठेवला.

"हे मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "ह्या कागदाचा मसुदा पहिल्यांदा मीच वाचला. वीरभद्रकाकानं लिहून आणला व्हता. मन्मथाला म्हणला, कर सही, वारसाचा कागद हाय. त्याला कुठं वाचता येत व्हतं? पर आमचा मन्मथा हुशार. म्हणला, दोन दिवसांनी करतो. आन् कागद कमरेला खोचून सरळ माझ्याकडं आला. म्हणला, भागी, वाच बरं, ह्यात काय लिहिलंय."

"मग?"

"मग काय. मी वाचलं. मुलगी भागम्मा मयत." तिनं सूप पुन्हा ओढलं, पण पाखडलं नाही. "चोवीस वर्षांची व्हते. अंगात राग लय. काका तव्हाबी पाठीमागं लागलाच व्हता. नवं स्थळ घेऊन दवाखान्यापर्यंत आलता, मोठ्या डॉक्टरला सांगू लागला की ही पोरगी घरातून पळालीय, हिला नोकरीतून काढा. मला वाटलं, बरं झालं. मेलेल्या बाईला लग्नाला कोण मागतंय? काकानंच मला मारलंय, आता तो कोणत्या तोंडानं मला धुंडाळत येईल? मी मन्मथाला म्हणलं, सगळं बरोबर लिहिलंय, तुझ्या नावावर जमीन झाली, माझीबी हरकत न्हाई म्हणून लिहिलंय. कर सही."

"म्हणजे आप्पांना..."

"ठाऊक न्हवतं. शेवटपर्यंत न्हवतं. तो समजत व्हता की बहिणीनं राजीखुशीनं सोडलंय. दरसाली म्हणायचा, भागी, तुझं नाव लावून घेऊ का पुन्हा? मी म्हणायचे, कशाला. काय सांगणार त्याला, की तू माझ्या मरणावर सही केलीय आन् मीच करायला लावलीय?"

राजेश्वर तेव्हा कुठं ओट्यावर बसला. आप्पा खोटे नव्हते. हे कळल्यावर छातीवरचा धोंडा उतरायला हवा होता. तो उतरला, पण त्याच्या जागी दुसरंच काही येऊन बसलं. समोर ऐंशी वर्षांची बाई डाळ निवडत होती आणि चार-सहा दिवसांपूर्वीच त्यानं स्वतः, शिकलेल्या माणसानं, तिच्या नावापुढं 'मयत' लिहून सही केली होती. त्यानं ते सांगून टाकलं. ईश्वरीचा प्रवेश, शाळेचं रजिस्टर, प्रतिज्ञापत्र, सगळं.

भागम्मा ऐकत राहिली. "म्हणजे त्या सातवीचा उपयोग झाला म्हणायचा," ती म्हणाली. "काय शिकणार हाय पोरगी?"

"शेतकी."

"शिकू दे. पोरगी घेऊन ये एकदा. आन् जेवून जा आता, भाकरी टाकते."

त्यानं आधी प्रतिज्ञापत्र बदललं. वकिलानं कपाळाला हात लावला. "मेलेली चालत होती, तर जिवंत कशाला करताय? फाईल परत जाईल." फाईल परत गेलीच. ईश्वरीच्या प्रवेशाची तारीख चार दिवसांवर आली तेव्हा त्रिवेणी राजेश्वरशी बोलेनाशी झाली. तो रोज परभणीला जाऊन खिडकीसमोर उभा राहायचा. शेवटच्या दिवशी दुपारी प्रमाणपत्र हातात पडलं. ईश्वरीनं ते घेऊन धावत जाऊन प्रवेश घेतला. त्या दिवशी त्रिवेणी त्याला म्हणाली, "आता तरी बसाल?"

"फेरफार दुरुस्त करायचाय," तो म्हणाला.

भागम्माची त्याला तयारी नव्हती. फोनवर म्हणाली, "छप्पन्न वर्षं मेलेय, काही अडलं न्हाई." पण पंधरा दिवसांनी तिनंच फोन केला. "दरखास्त लिहून आण. मी सही करते."

तहसिलात सुनावणी लागली. पहिल्या तारखेला साहेब रजेवर होते. दुसऱ्या तारखेला गर्दी होती, जुन्या नोंदी शोधायला सारा तालुका लोटला होता. तिसऱ्या तारखेला भागम्मा इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून, पिशवीत नोकरीचे कागद, पेन्शनचं पुस्तक, आधार कार्ड घेऊन आली. अधिकारी बाई तरुण होत्या. त्यांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "यातली मयत व्यक्ती कोण?"

"मी," भागम्मा म्हणाली.

खोलीतले दोघं-तिघं हसले. बाई हसल्या नाहीत. "आजी, खोटी नोंद कुणी दिली होती?"

भागम्मानं राजेश्वरकडं पाहिलं नाही. "चुलता व्हता. तो मेला. भावाची सही हाय, पर त्याला वाचता येत न्हवतं. आन् मला वाचता येत व्हतं, तरी मी बोलले न्हाई. तेबी लिहा."

बाईंनी तेही लिहून घेतलं.

दिवाळीनंतर नवा फेरफार मंजूर झाला. सातबाऱ्यावर राजेश्वरच्या नावाशेजारी भागम्मा गुरुसिद्धप्पा साखरे हे नाव आलं. राजेश्वर नक्कल घेऊन डोंगरातल्या घरी गेला. त्याला वाटलं होतं, ती आता म्हणेल, मला काही नको, हक्क सोडून देते. त्रिवेणीलाही मनातून तेच वाटत होतं. भागम्मानं कागद दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

"माझा हिस्सा मी सोडणार न्हाई," ती म्हणाली.

त्रिवेणीला हे कळल्यावर घरात दोन दिवस चूल तेवढी पेटली, बोलणं नाही. मग तिनं पदर खोचला. "चला, मीच विचारते त्यांना." राजेश्वरला वाटलं, आता भांडण होणार. गाडीत तो पुन्हा उभाच राहिला.

ओट्यावर दोघी समोरासमोर बसल्या. त्रिवेणीनं सरळ विचारलं, "आत्याबाई, एवढं रान घेऊन तुमी काय करणार? तुमाला मागं-पुढं कोण हाय?"

"कोणी न्हाई," भागम्मा म्हणाली. "म्हणूनच. पोरी, ह्या गावात मला लय मान हाय. पर आपल्यात मातीत पुरतात, आन् इथं आपल्या माणसांच्या दफनाला जागा न्हाई. मी मेले तर ही माणसं मायेनं जाळतील मला. दुसऱ्याच्या रानात मातीला जागा मागायची तर उपकार घ्यावा लागतो. मी कुणाचा घेतला न्हाई. आपल्या रानात पडावं वाटतं. आन् ते रान माझं हाय म्हणून पडावं, कुणी दया केली म्हणून न्हाई."

त्रिवेणीनं पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "भाकरी तुमी करता की मी करू?"

मार्गशीर्षातल्या एका सकाळी ते तिला बोरीच्या रानात घेऊन आले. ईश्वरीही कॉलेजला दांडी मारून आली होती. छप्पन्नच काय, चौसष्ट वर्षांनी भागम्मा त्या बांधावर चढत होती. तूर कमरेएवढी झाली होती. विहिरीपलीकडं आजोबांची समाधी, तिच्या शेजारी आप्पांची. भागम्मा आधी भावाच्या समाधीपाशी गेली. दगडावरची धूळ हातानं झाडली, विभूतीची बोटं ओढली. बापाच्या समाधीसमोर उभी राहिली, हात जोडले, पण विभूती लावली नाही.

"इथं करायची का जागा?" राजेश्वरनं विचारलं. "दोघांच्या मधी?"

"बापाच्या जवळ नको," ती चटकन म्हणाली. मग काठीनं रान दाखवू लागली. विहीर नको, तिथं ओल असते. लिंबाखाली नको, मुळं असतात. वरचा बांध बरा, पण पावसात खचायचा. ती चालत होती आणि राजेश्वर मागं मागं, ईश्वरी चप्पल हातात घेऊन त्याच्या मागं. कुठलीच जागा तिच्या मनाला येईना. तिथून इकडं, इकडून तिकडं, एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर.

"आत्या, जरा बसा," राजेश्वर म्हणाला.

"तू बस," ती म्हणाली आणि तुरीत शिरली.